व्हीएमसी मशीन 'लीज'वर घेऊ का? हे भाडं की कर्ज?

शिरोलीकर: शिरोली एमआयडीसीत शेड आहे, कास्टिंगचं मशिनिंग करतो. २८ लाखांची व्हीएमसी (धातू कापणारं संगणकी मशीन) घ्यायचीय. महिना ६० हजारांवर झेपत नाही. फायनान्सवाले म्हणतात लीज करा: ६० महिने, ६० हजार भाडं, मध्येच परत करायची नाही, शेवटी १०० रुपयांत मशीन माझ्या नावावर. घेऊ का?

टर्नर_गोकुळशिरगाव: भावा, २८ ची घेऊच नको. मी ४२ लाखांची घेतली, जॉब फिरवणाऱ्या फोर्थ ॲक्सिससकट. दोन पाळ्या चालते, एक दिवस बंद नाही.

शिरोलीकर: दादा, ६० हजार म्हटलंय.

इचलकरंजी_लूम: लीजच्या नादाला लागू नका. आमच्या लूमचा विमा आम्ही भरला, मोटार जळाली ती आम्हीच भरून घेतली, भाडं चालूच. दोन हप्ते थकले तर माणसं दारात. मग कागदावर मालक ते कसले?

कागलकर: शिरोलीत जागा तरी कुठं उरलीय? कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत या.

सीए_राजारामपुरी: लूमवाल्यांनी नेमकं बोट ठेवलं. वर नाव काय लिहिलंय ते नका बघू, आतला व्यवहार बघा. सुंदरम फायनान्स विरुद्ध केरळ, १९६६: हायर-परचेस (भाडं भरत भरत विकत घ्यायचं) म्हणून लिहिलेला करार सुप्रीम कोर्टानं तारणावरचं कर्ज ठरवला. अमेरिकेत यूसीसी या व्यापारी कायद्याचं कलम १-२०३ आहे. करार मध्येच तोडता येत नाही आणि शेवटी नाममात्र किमतीत मशीन घेणाऱ्याची, तर ते तारणच. तुमचं दोन्ही बसतं. खऱ्या लीजमध्ये बरंच आयुष्य शिल्लक असताना मशीन मालकाकडे परत जाते, भाव पडला तर तोटा त्याचा.
आयकराचं मात्र वेगळं. आयसीडीएस या फायनान्स कंपनीच्या निकालात (२०१३) लीजवर दिलेल्या गाड्यांचा घसारा (वस्तू जुनी होते त्याची करातली वजावट) लीज देणाऱ्या कंपनीला मिळाला. म्हणून १५ टक्के घसारा कोण घेणार ते लेखी घ्या. आणि भाड्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे महिन्याला ७०,८००. कर्जाच्या व्याजावर जीएसटी नाही.

टर्नर_गोकुळशिरगाव: तेच म्हणतोय, बँकेचं कर्ज काढ. माझं हायपोथिकेशन (मशीनच बँकेला तारण) आठ दिवसांत झालं.

इचलकरंजी_लूम: बँकच बरी. लीज नको.

शिरोलीकर: सगळ्यांचे आभार. लीजच करतोय. बँकेला वडिलांची दीड एकर उसाची जमीन तारण हवी, ती मी देणार नाही. माझी बिलं १८ टक्क्यांचीच आहेत, जीएसटीचं क्रेडिट त्यातच वळतं होतं. हे कर्जच आहे असं समजून सही करतोय. ताई, घसाऱ्याचं कलम उद्या घालून घेतो. मसुदा दाखवायला दुपारी येऊ का?

सीए_राजारामपुरी: चारनंतर या. मुदतीआधी बंद करायचं कलमही बघू.