शब्दचर्चा : 'फायरवॉल'ला अग्निभिंत म्हणायचं की नाका?

कानामात्रा :
सरकारी कार्यालयांतल्या संगणकांच्या सुरक्षेवरची एक पुस्तिका मराठीत आणतेय. यंत्राने केलेला कच्चा मसुदा हाती आला, त्यातलं पहिलंच वाक्य : 'अनावश्यक बंदरे बंद करावीत व अग्निभिंत प्रज्वलित करावी.' (मूळ शब्द 'पोर्ट' आणि 'फायरवॉल'.) हसून झालं, मग लक्षात आलं की आपल्याजवळही याहून बरं काही तयार नाही. अग्निभिंतीला पर्याय सुचवा. शिवाय नेटवर्कला 'जाळे' ठेवावं का? 'शासकीय जाळ्यात अनधिकृत व्यक्ती शिरल्यास' असं लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल, बरा सापडला!

रात्रपाळी :
जाळं नकोच. नेटवर्क हा शब्द आता शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना कळतो.

अग्निभिंतीचं म्हणाल तर, मूळ फायरवॉल इमारतीतली. एका भागातली आग दुसरीकडे पसरू नये म्हणून मधे घातलेली, सहजासहजी न जळणारी भिंत. मोटारीत इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधला पत्राही तोच. १९८०च्या दशकाच्या अखेरीस नेटवर्कवाल्यांनी हा शब्द उचलला, पण काम वेगळं निघालं. आमची फायरवॉल दिवसभर पाकिटं (नेटवर्कवरून जाणारे माहितीचे छोटे तुकडे) आत-बाहेर सोडत असते. फक्त प्रत्येकाला विचारते, कुठून आलास, कुठे चाललास, कुठल्या पोर्टवर. तिची यादी मराठीत लिहिली तर साधारण अशी :

बाहेरचा कोणीही → संकेतस्थळाचा सर्व्हर, पोर्ट ४४३ : सोडा
देखभालीचा एकच संगणक → तोच सर्व्हर, पोर्ट २२ : सोडा
बाकी सगळे : अडवा

यादी वरून खाली वाचली जाते, आणि पहिला जो नियम जुळेल तो लागू. शेवटची ओळ मी एका रात्री चुकून वर सरकवली आणि स्वतःलाच बाहेर कोंडून घेतलं. (बाहेर कोंडता येतं का, यावर वेगळा धागा काढा.) तर ही भिंत नव्हे, हा नाका आहे.

अवतरणचिन्ह :
नाका आवडला. 'नाकाबंदी'मुळे अडवणं, तपासणं, सोडणं हा सगळा अर्थ आयता मिळतो. 'वेस'ही मनात आली होती, पण वेस म्हटलं की रात्री बंद होणारं दार आठवतं.

नाक्याची एक खोडही या शब्दाबरोबर येते : नाक्यावर रीतसर कागद दाखवून जो आत गेला, त्याच्याकडे पुन्हा कोणी बघत नाही. डिसेंबर २०२० मध्ये उघडकीला आलेलं सोलरविंड्स प्रकरण तेच होतं. घुसखोरी झाली ती एका देखरेख-सॉफ्टवेअरच्या अधिकृत, सही-शिक्क्याच्या अपडेटमधून, आणि त्यात अमेरिकेची अनेक सरकारी खाती सापडली. नाक्याने अडवायचं तरी कशाला, कागद चोख होते!

यावरून पुढचा शब्द : झिरो ट्रस्ट. 'शून्य विश्वास' असं भाषांतर वाचलं की मला नवरा-बायकोचं भांडण ऐकू येतं. अमेरिकेच्या निस्ट या मानकसंस्थेने ऑगस्ट २०२० मध्ये यावर जो दस्तऐवज काढला, त्याचं सार एवढंच की केवळ नेटवर्कच्या आत आहे म्हणून कुणाला सोडायचं नाही. प्रत्येक मागणीला ओळख आणि परवानगी तपासायची. मी 'पदोपदी पडताळणी' सुचवतो.

कानामात्रा :
पदोपदी पडताळणी घेतली! आता बंदराचं काय करू?

अवतरणचिन्ह :
बंदर बुडवा. लॅटिनमधे 'पोर्तुस' म्हणजे बंदर आणि 'पोर्ता' म्हणजे दार. संगणकातलं पोर्ट दाराच्या घरचं. मला 'खिडकी' सुचते. कार्यालयात कसं, पत्ता एकच पण खिडकी क्रमांक अमुक या कामाला, तमुक त्या कामाला. ४४३ वर संकेतस्थळ, २२ वर दुरून देखभाल. जिथे काम नाही ती खिडकी बंद.

रात्रपाळी :
समजवायला उत्तम, छापायला नको. 'खिडकी बंद करा' म्हटलं की कारकून समोरचा विंडोज बंद करेल. पोर्टच ठेवा, खिडकीचा दाखला कंसात द्या.

शिळोप्या :
मधेच तोंड घालतो. पॅचला, म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक बुजवणाऱ्या दुरुस्तीला, तुम्ही 'ठिगळ' लिहिणार असाल तर माझी हरकत नोंदवून घ्या. ठिगळ नाइलाजाने लावतात, ते कुणी मिरवत नाही, आणि काम पुढे ढकलायला तेवढं निमित्त पुरतं. वॉनाक्राय (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा घातक प्रोग्रॅम) मे २०१७ मध्ये पसरलं, तेव्हा मायक्रोसॉफ्टचा पॅच मार्चपासून उपलब्ध होता. तरी ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतली कितीतरी रुग्णालयं अडकली. 'डागडुजी' म्हणा. डागडुजी पावसाळ्याआधी करायची असते, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही.

आणि बाहेरच्या जगाशी अजिबात न जोडलेलं नेटवर्क म्हणजे 'सोवळ्यातलं', असं माझ्या अगदी ओठावर आलंय.

अवतरणचिन्ह :
ओठावरच राहू द्या. त्या शब्दाच्या पाठोपाठ विटाळ येतो आणि विटाळामागून जात. 'विलग नेटवर्क' पुरे.

रात्रपाळी :
विलग चालेल, फक्त खाली एक ओळ हवी : तार तोडली म्हणजे येणंजाणं थांबलं असं नाही. २००८ मध्ये अमेरिकी सैन्याच्या गोपनीय नेटवर्कमध्ये घातक प्रोग्रॅम शिरला तो एका पेन ड्राइव्हमधून. तार नव्हती, खिसा होता.

कानामात्रा :
सगळ्यांचे आभार. वाक्य आता असं केलंय : 'वापरात नसलेली पोर्टे बंद करावीत, फायरवॉल सुरू ठेवावी व तिच्या नियमांत शेवटी "बाकी सर्व अडवा" असावे.' फायरवॉल फायरवॉलच ठेवली, नाका खुलाशात घेतला. एकच अडलंय. मूळ मजकुरात 'ड्रॉप' आणि 'रिजेक्ट' असे दोन शब्द आहेत, मी दोन्हीला 'अडवा' केलंय. चालेल?

रात्रपाळी :
नाही चालणार, फरक आहे. रिजेक्ट म्हणजे पाठवणाऱ्याला 'नाही' असं उत्तर जातं. ड्रॉप म्हणजे पाकीट गुपचूप टाकून द्यायचं, समोरचा वाट बघत बसतो.

शिळोप्या :
अहो, मग सरकारी मराठीत दोन्हीला शब्द तयार आहेत की! रिजेक्ट म्हणजे 'नामंजूर' आणि ड्रॉप म्हणजे 'दप्तरी दाखल'.

रात्रपाळी :
लॉग, म्हणजे अडवलेल्यांची नोंद, ठेवत असाल तर तंतोतंत.