बी.एस्सी. भूगोलनंतर जीआयएस: एम.एस्सी. करू की सहा महिन्यांचा कोर्स?

औशाचा_पोरगा
नमस्कार. मी औसा तालुक्यातला, लातूरला बी.एस्सी. भूगोलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जीआयएसचा (कॉम्प्युटरवर नकाशे आणि जागेची माहिती हाताळायचं तंत्र) पेपर आवडला, प्रॅक्टिकलला क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर थोडं वापरलंय. आता घरी रोज एकच विषय. वडील म्हणतात भूकरमापकाच्या (सरकारी जमीन मोजणीच्या) भरतीचा अभ्यास कर. एक मित्र पुण्यात 6 महिन्यांचा खासगी कोर्स करतोय, फी 60 हजार, 'नोकरीची हमी' म्हणतात. मला याच विषयात एम.एस्सी. जिओइन्फर्मेटिक्स करावंसं वाटतं, पण 2 वर्षं पुण्याचा खर्च झेपवायचा तर घरी पटवून द्यावं लागेल. या क्षेत्रातल्या कुणी स्पष्ट सांगाल का?

साखळी_आणि_शंकू
आधी वडिलांच्या मुद्द्याचं सांगतो. भूकरमापकाच्या जाहिरातीतली पात्रता नीट वाच. सिव्हिलचा डिप्लोमा किंवा दहावीनंतर आयटीआयचा सर्वेक्षक ट्रेड मागतात. भूगोलाच्या पदवीवर फॉर्म भरता येत नाही. वर्ष वाया घालवू नकोस.

गटनकाशा
मी 12 वर्षं पुण्यात हेच काम करते. माझ्या पहिल्या नोकरीतली एक गोष्ट आधी सांगते, कारण तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर तिथूनच आलंय.

मीही असाच एक कोर्स केला होता. कुठलं बटण दाबलं की काय होतं, एवढं शिकवलं. नोकरीत स्कॅन केलेले गावनकाशे डिजिटाइझ करायचे, म्हणजे कॉम्प्युटरवर रेघारेघांनी गिरवायचे, दिवसाला ठरावीक गट. एका गावात दोन गटांमध्ये सलग बारीक फट राहत होती. आम्ही तिला स्लिव्हर म्हणतो, रेघ चुकली की अशी फट पडते. मी रेघेचे कोपऱ्यातले बिंदू ओढून ती बुजवली आणि फाईल पुढे दिली. काही महिन्यांनी पडताळणीला त्याच गावात गेले. एका आजोबांनी बैलगाडीच्या चाकोऱ्या दाखवल्या, म्हणाले, "ताई, ही पाणंद कुठं गेली तुमच्या नकाशात?" मागच्या सहा शेतांना जायला तेवढीच वाट होती. दुरुस्ती झाली, पण ते आजोबा अजून डोळ्यांसमोर येतात.

तर सांगायचं हे, की जीआयएस हे अवजार आहे. ज्याचा नकाशा करायचा ते ज्याला कळतं, त्याचीच या कामात किंमत आहे. पाणी, शेती, जमीन, शहर, जंगल, यातला तुझा विषय कोणता ते आधी ठरव. तू दुष्काळी भागातला आहेस, भूगोल शिकलास, तुझ्याकडे विषय आहे.

म्हणून माझं मत: एम.एस्सी. कर. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या भूगोल विभागात आहे, सिंबायोसिसमध्येही आहे, पण तिथली फी बघून घे. 60 हजार त्या कोर्सला देऊ नकोस. 'हमी'ची नोकरी बहुतेकदा डिजिटायझेशनचीच असते. तेवढं शिकायला डेहराडूनच्या आयआयआरएसचे ऑनलाइन कोर्स फुकट आहेत, इस्रोचीच संस्था आहे. पुढे एम.टेक. करावंसं वाटलं तर 2022 पासून गेट या प्रवेश परीक्षेत जिओमॅटिक्सचा (मोजणी आणि नकाशांच्या शास्त्राचा) स्वतंत्र पेपर आहे.

आणि प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची रीत, पक्कं कर, हे मी प्रत्येक नवख्याला सांगते. अक्षांश-रेखांशांच्या अंशांतल्या डेटावर सरळ क्षेत्रफळ काढून हेक्टर म्हणून लिहिणारे मी मुलाखतीत कितीतरी पाहिले. लातूर यूटीएम या प्रोजेक्शनच्या 43 व्या झोनमध्ये (पट्ट्यात), नागपूर 44 व्या. हे का, ते न अडखळता सांगता आलं पाहिजे.

पोस्टजीआयएस_प्रेमी
ताईंशी सहमत. एक जोड: पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) आणि एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) आजपासून सुरू कर. माझ्या टीममध्ये भूगोलवाले कोडला घाबरतात आणि कॉम्प्युटरवाल्यांना नकाशा वाचता येत नाही. दोन्ही जमणारा माणूस शोधून सापडत नाही.

औशाचा_पोरगा
ताई, पाणंदीचं वाचून आमच्याच शिवारातली वाट आठवली. घरी आज हे सगळं वाचून दाखवलं. पप्पा म्हणाले, प्रवेश मिळेपर्यंत काहीतरी करून दाखव. काय करू?

गटनकाशा
पप्पांचं बरोबर आहे. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, ते तुमच्या घरात सगळ्यांना आठवत असेल. मांजरा धरणाचा पाणपसारा तेव्हा किती उरला होता आणि पावसाळ्यानंतर किती झाला, ते काढ. सेंटिनेल-2 या उपग्रहाच्या प्रतिमा फुकट मिळतात, पिक्सेल 10 मीटरचा. हिरव्या आणि जवळच्या अवरक्त (निअर इन्फ्रारेड) बँडवरून पाणी ओळखायचा निर्देशांक काढायचा, एप्रिल आणि ऑक्टोबर शेजारी ठेवायचे. ढग नसलेली तारीख निवड.

दुसरं, गावाचा नकाशा भूमी अभिलेखमधून घे आणि उपग्रह प्रतिमेवर बसव. नियंत्रण बिंदूंना, म्हणजे नकाशा आणि प्रतिमा जुळवायच्या खुणांना, बांधावरची झाडं धरू नकोस. तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड शोध, पप्पांना सोबत ने, त्यांना जागा माहीत असेल. मोबाईलवर अक्षांश-रेखांश घेताना दगडाशी दोन-तीन मिनिटं थांब, पहिलाच आकडा उचलू नकोस. बसवून झालं की इथे टाक, मी बघते.