भोपाळचा हिशेब: भरपाई कंपनीची ऐपत पाहून ठरावी का?

अनघा:
२ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळला युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातल्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा तेव्हा कित्येक महिने बंद होती, तिच्यातला थंडावा देणारा फ्रिऑन वायूसुद्धा काढून घेतलेला. वायू जाळून टाकणाऱ्या फ्लेअर टॉवरचा पाइप दुरुस्तीसाठी सोडवून ठेवला होता. काटकसर ही अशी चालू होती. १९८९ मध्ये सरकार आणि कंपनीच्या तडजोडीत सगळं मिटलं ४७ कोटी डॉलरवर, तेव्हाच्या हिशेबाने सुमारे ७१५ कोटी रुपये. बहुतेक जखमींच्या हाती पडले २५ हजार. एवढ्यात सुटका होत असेल तर सुरक्षेवर पैसा कोण घालेल? दिल्लीतल्या श्रीराम कारखान्याच्या ओलियम (तीव्र गंधकाम्ल) गळतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ सालीच सांगितलं होतं: कंपनी जितकी मोठी, तितकी भरपाई जास्त. भोपाळला ते लावलंच नाही, याचा मला आजही संताप येतो.

पराग:
संताप समजतो, उपाय पटत नाही. ऐपत बघून भरपाई म्हटलं की कंपनी जोखमीचं काम छोट्या, कफल्लक उपकंपनीकडे ढकलणार. मग वसूल कोणाकडून करणार? तडजोडीत निदान रक्कम हाती तरी आली. आणि सरकारचं काय? २०२३ मध्ये वाढीव भरपाईची याचिका फेटाळताना न्यायालयाने केंद्रालाच सुनावलं, की पीडितांसाठी विमा काढायचा होता, तो काढलाच नाही.

दत्ता:
मी रसायन कारखान्यात मेंटेनन्सला आहे. आमच्या स्क्रबरचा, म्हणजे घातक वायू धुऊन काढणाऱ्या यंत्राचा, पंप खडखडत होता, सील गळत होतं. शटडाऊन मागितला की उत्तर ठरलेलं, "ही ऑर्डर जाऊ दे." चार महिने गेले. मग विम्याचा सर्व्हेअर आला, पंपाचा फोटो काढला, प्रीमियम वाढेल म्हणाला. आठवड्यात नवा पंप! कोर्टाची भीती साहेबांना कधी नव्हती. ते दहा वर्षांनंतरचं. प्रीमियम याच वर्षीच्या खर्चात दिसतो.

अनघा:
दत्ताभाऊ, हेच तर! पण प्रीमियम जड व्हायला आधी भरपाई जड हवी. भोपाळनंतर १९९१ मध्ये सार्वजनिक दायित्व विम्याचा कायदा आला आणि त्यात मृत्यूमागे मदत ठरली २५ हजार. एवढ्याशा रकमेच्या विम्याने कुठला मालक पंप बदलेल?

पराग:
ती रक्कम लाजिरवाणी होती, मान्य. पण वर काही मर्यादाच नसेल तर विमा कंपनी पॉलिसी काढणार नाही. अनघाताई, आकडा सांगा, मग बोलू.