देवसेनेनं बोटं कापली, पण मुंडकं कुणी उडवलं?

रानजाई
‘बाहुबली’तल्या बायका कसल्या दमदार आहेत, हे कौतुक २०१५ पासून ऐकतेय. राजमाता शिवगामी, तिची सून देवसेना आणि पुढच्या पिढीतली योद्धा अवंतिका. मान्य, तिघींनाही शस्त्र चालवता येतं. पण दुसऱ्या भागातला (२०१७) तो प्रसंग नीट बघा. देवळात सेनापती सेतुपती बायकांच्या अंगाला हात लावतो. देवसेना, तीही गरोदर, त्याची बोटं छाटते. थिएटरात शिट्ट्या. तिला बेड्या घालून दरबारात उभी करतात. मग तिचा नवरा बाहुबली येतो, काय झालं ते ऐकून घेतो आणि म्हणतो, चुकलंस, बोटं नव्हे, मुंडकं उडवायचं. आणि स्वतःच उडवतो. शिट्ट्या दुप्पट.
माझं म्हणणं एवढंच की आपल्या ब्लॉकबस्टरांत बाईला कामाला हात घालू देतात, पण ते तडीस नेणार हिरोच. देवसेनेच्या माहेरावर, कुंतलवर, हल्ला होतो तेव्हाही तेच. लहानपणापासून शस्त्रं हाताळलेली राजकन्या, तरी एकदम तीन बाण कसे सोडायचे ते तिला बाहुबलीनंच शिकवायचं.

सांगलीचा_अण्णा
ताई, तुम्ही शिट्ट्याच मोजत बसलात. भर दरबारात, आईच्या देखत, नवरा बायकोच्या बाजूनं उभा राहतो, त्याचं काहीच नाही? त्या मुंडक्यापायी दोघांना राजवाडा सोडावा लागतो. इथल्या किती पुरुषांनी आईसमोर बायकोची बाजू घेतलीय, हात वर करा बघू.

खारीबटर
अण्णा, हात वर करणार होतो, पण आई शेजारीच बसलीय.

मेघना_ठाणे
रानजाईला अनुमोदन. आणि अवंतिकेला विसरू नका. ती देवसेनेला सोडवण्यासाठी लढणारी बंडखोर, तिच्यावर कामगिरी सोपवलेली. आणि हिरो, म्हणजे देवसेनेचा मुलगा, काय करतो? ती पाण्यात हात सोडून विसावलेली असताना नकळत तिच्या हातावर चित्र काढतो. पुढे झटापटीत तिचे कपडे ओढतो, केस सोडतो, कसला तरी रस लावून ओठ रंगवतो. मग पाण्यातल्या प्रतिबिंबात स्वतःला बघून बाईसाहेब विरघळतात! अ‍ॅना एम. एम. वेट्टिकाड या चित्रपट समीक्षकांनी तेव्हाच यावर सणसणीत लिहिलं होतं आणि लोक त्यांच्यावरच तुटून पडले होते. योद्धा बाईच्या आत एक नटवी लपलेली असते आणि पुरुषानं ती खरवडून बाहेर काढायची असते, असं लेखकांना का वाटतं कोण जाणे.

सांगलीचा_अण्णा
अवंतिका साकारणाऱ्या तमन्नानं स्वतः त्या दृश्याची बाजू घेतली होती. जिनं काम केलं तिला खटकलं नाही, तुम्हाला खटकलं.

मेघना_ठाणे
नटीला खटकलं की नाही, हा प्रश्नच नाही. प्रश्न अवंतिकेचा आहे, आणि तिला कुणी विचारलंच नाही.

पोथीनिष्ठ
दोन्ही बाजू शिवगामीला बगल देतायत, म्हणून लिहितोय. पहिल्या भागाची सुरुवात आठवा. पाठीत बाण रुतलेला, स्वतः बुडतेय, पण बाळ एका हातानं पाण्यावर धरलंय. आपल्या सिनेमात आईला इतका मोठा प्रवेश क्वचित मिळतो. मांडीवर दोन पोरं घेऊन ती राज्याचा गाडा हाकते, बंड मोडून काढते. इथे हिरो अजून पाळण्यात आहे, त्यामुळे रानजाईंचा ‘तडीस नेण्याचा’ नियम लागूच होत नाही.
आता कुणीतरी म्हणेलच की दुसऱ्या भागात मुलगा भल्लाळ आणि नवरा बिज्जलदेव तिला सहज गंडवतात, म्हणजे कथेच्या सोयीसाठी तिची अक्कल काढून घेतली. मला ते पटत नाही. ती फसते ते ती बाई म्हणून नव्हे, सत्तेवर बसून आपला शब्द हाच कायदा मानायची सवय जडलीय म्हणून. धृतराष्ट्र फसला, दशरथ शब्दात अडकला, तेव्हा पात्र कच्चं लिहिलंय असं कुणी म्हटलं नाही. बाईला चुकायची, मोठी चूक करायची मुभा मिळाली, हे मला लेखनाचं यशच वाटतं. रम्या कृष्णन आहे म्हणून ते पेललंही गेलं.

रानजाई
पोथीनिष्ठ, शिवगामीपुरतं तुमचं अर्धं मान्य. अहंकार पटतो. पण ज्या बाईनं दरबारातलं बंड वेळेआधी ओळखलं, तिला पोटच्या पोराचा डाव एकदाही कळू नये? बाहुबलीला मारायला सेवक कटप्पाला पाठवण्याआधी एक खबऱ्या तरी पाठवायचा.
तुलनेला ‘सैराट’ घ्या. शंभर कोटी मिळवलेला सिनेमा, म्हणजे ब्लॉकबस्टर नाही असं म्हणू नका. आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, पण मला आवडते ती हैदराबादची आर्ची. पाटलाच्या वाड्यात वाढलेली पोर कारखान्यात बाटल्यांच्या कामाला लागते, आणि डोशाच्या गाडीवर पार्श्या उभा राहतो. तिचा माज उतरतो, ती रडते, चिडते, तेलुगू शिकते. तिथे कुणी तिला तीन बाण शिकवत नाही.

सांगलीचा_अण्णा
आणि शेवटी मारतातच ना तिला? त्यापेक्षा आमची देवसेना बरी. तुम्ही क्लायमॅक्स बघितला नाही का? (न बघितलेल्यांनी पुढे वाचू नये, पण असं कोण उरलंय?) भल्लाळची चिता रचायला काटक्या कुणी वेचल्या? देवसेनेनं. आग कुणी लावली? देवसेनेनं. तिच्या पोरानं नुसतं त्याला चितेवर टाकलं. घ्या, नेलं की नाही काम तडीस?

खारीबटर
अण्णांनी तीन बाण एकदम सोडले.

रानजाई
हो, आणि त्याआधी पंचवीस वर्षं भल्लाळच्या साखळदंडात. जी एका झटक्यात सेनापतीची बोटं कापते, ती पंचवीस वर्षं काटक्या वेचते, कारण पोरगा मोठा होऊन धबधबा चढून येईपर्यंत कथेला थांबायचंय.

पोथीनिष्ठ
सूडकथा अशाच असतात हो. मुलाऐवजी मुलगी आली असती तरी आईनं पंचवीस वर्षं काटक्याच वेचल्या असत्या.

मेघना_ठाणे
मुलगी आली असती तर तिला आधी रस लावून ओठ रंगवायला बसवलं असतं. असो. देवसेनेवरून खुशाल भांडा, पण दुसऱ्या भागात अवंतिकेचं काय झालं ते कुणीतरी सांगा. मी अख्खा सिनेमा डोळ्यात तेल घालून बघितला.

सांगलीचा_अण्णा
युद्धात दिसते की मागे कुठेतरी.