मदत हवी आहे: १२×१८ इंची प्रिंटसाठी फ्रॅक्टल – मँडेलब्रॉटमध्ये आडव्या रेघा, फ्लेममध्ये दाणे

आयर्विनपूल (सांगली)

मंडळी, दिवाळीच्या आत दोन फ्रॅक्टल (सूत्रातून काढलेली, आत नक्षीत नक्षी असलेली चित्रं) छापून फ्रेम करायची आहेत. साइज १२×१८ इंच उभी, ३०० डीपीआय, म्हणजे ३६००×५४०० पिक्सेल. मशीन चार कोअरचं, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, विंडोज.

पहिलं चित्र मँडेलब्रॉटचं: प्रत्येक पिक्सेलचा आकडा म्हणजे सी, त्यावर 'झेडचा वर्ग + सी' हे सूत्र पुन्हा पुन्हा चालवायचं, आणि झेड किती फेऱ्यांत (आवर्तनांत) निसटतो त्यावरून रंग द्यायचा. प्रोग्रॅम स्वतः लिहिलेला, सी प्लस प्लसमध्ये, सगळे आकडे डबल (६४ बिटी अपूर्णांकाचा प्रकार). केंद्र -०.७४३६४३८८७०३७१५१ आणि ०.१३१८२५९०४२०५३३०, चौकटीची रुंदी १०^-१३, कमाल आवर्तनं ५०००. ६०० पिक्सेल रुंदीच्या प्रिव्ह्यूत चित्र बरं दिसतं. ३६०० वर काढलं की सगळीकडे बारीक आडव्या रेघा. झूम करून मोजल्या तर बहुतेक चार पिक्सेल लांब आणि एक पिक्सेल जाड. आवर्तनं २०००० केली, फरक शून्य.

दुसरं अ‍ॅपोफिसिस या प्रोग्रॅममधलं फ्लेम, म्हणजे उड्या मारणाऱ्या बिंदूंनी भरत जाणारं फ्रॅक्टल. प्रिव्ह्यू गुळगुळीत, मोठं केलं की अंधाऱ्या भागात दाणे. ओव्हरसँपल (एका पिक्सेलचे आडवे-उभे किती कप्पे) ३ केलं तर मेमरी पुरत नाही म्हणतो.

ग्राफिक्स कार्ड घ्यावंच लागेल का?

चारभिंती (सातारा)

कार्ड राहू द्या. पहिली अडचण हार्डवेअरची नाहीच, आणि तुम्ही रेघा मोजल्यात म्हणून निदान सोपं झालं.

डबलमध्ये ५३ बिट असतात. ०.५ ते १ या पट्ट्यात लागोपाठच्या दोन डबल संख्यांमधलं अंतर २^-५३, म्हणजे साधारण १.१×१०^-१६. तुमच्या एका पिक्सेलची रुंदी १०^-१३ भागिले ३६००, म्हणजे २.८×१०^-१७. शेजारचे चार पिक्सेल राउंडिंग होऊन एकाच आकड्यावर बसतात. उभ्या दिशेला केंद्र ०.१३ आहे; तिथे डबल चौपट बारीक मोजतं, अंतर २.८×१०^-१७. म्हणून प्रत्येक ओळीला आपला वेगळा आकडा मिळतो. चार बाय एकच्या रेघा आल्या त्या यामुळे. प्रिव्ह्यूत पिक्सेल सहापट रुंद, तिथे जेमतेम निभावतं. आवर्तनं वाढवून हे सुटणार नाही, कारण मुळात सी चुकीचा जातोय.

या खोलीला सगळ्यात स्वस्त उपाय: लाँग डबल. जीसीसी किंवा मिनजीडब्ल्यू या कंपाइलरने कंपाइल करत असाल तर इंटेल-एएमडीवर ते ८० बिटी असतं, अपूर्णांकाला ६४ बिट. ११ बिट वाढले, म्हणजे २०४८ पट बारीक. तुमचा पिक्सेल मग ५१२ पायऱ्या रुंद होतो, भरपूर झाला. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सीमध्ये मात्र लाँग डबल हे नावालाच. आत डबलच असतं. तिथे टाइप बदलून काहीच होणार नाही आणि माणूस डोकं धरून बसतो.

टाइप बदलताना तीन जागा बघा. केंद्राचा आकडा कोडमध्ये लिहिला असेल तर शेवटी एल हे अक्षर हवं, नाहीतर तो आधी डबल होऊनच आत येतो. फाइलमधून वाचत असाल तर वाचणारं फंक्शनही लाँग डबलचं हवं. आणि पिक्सेलची पायरी, क्रमांकाशी गुणाकार, केंद्रात मिळवणं, हे सगळं त्याच टाइपमध्ये. एखादा डबल मध्येच राहिला की रेघा परत. वेग कमी होईल, ते गृहीत धरा.

कंदीपेढा

सहमत, पण पुढे आणखी खोल जायचं असेल तर लाँग डबलही संपेल. ३६०० पिक्सेलला चौकट १०^-१५ च्या खाली गेली की सावध राहा. त्यापुढे पर्टर्बेशन. ही पद्धत के. आय. मार्टिन यांनी २०१३ मध्ये मांडली. केंद्रातल्या एकाच बिंदूची कक्षा शे-दोनशे अंकी अचूकतेने काढायची, बाकी प्रत्येक पिक्सेलसाठी तिच्यापासूनचा फरक तेवढा साध्या डबलमध्ये फिरवायचा. नवा फरक = २ × त्या कक्षेतला झेड × फरक + फरकाचा वर्ग + सीमधला फरक. लहान आकडा डबलला जड जात नाही. मोठ्या आकड्यात लहान मिळवला की त्याचे अंक गळतात. सुरुवातीपासून लिहायचा कंटाळा असेल तर कॅलेस फ्रॅक्टलर फुकट आहे आणि हेच करतं.

यात एक खोट आहे. काही जागी एकाच रंगाचे सपाट डाग उमटतात, नक्षी कुठेच नाही. तिथे त्या कक्षेवरून उत्तर चुकतं, डागात दुसरा संदर्भबिंदू घ्यावा लागतो. चांगले प्रोग्रॅम स्वतः घेतात.

फ्लेमबद्दल: पट्ट्या पाडून काढा, मेमरीचा प्रश्न मिटेल.

चारभिंती (सातारा)

पट्ट्यांनी मेमरी वाचते, वेळ नाही. मँडेलब्रॉटचा प्रत्येक पिक्सेल स्वतंत्र, हवे तेवढे तुकडे करा. फ्लेममध्ये बिंदू उड्या मारत पूर्ण चित्रभर पडतो. एक पट्टी काढताना बाहेर पडलेले नमुने (म्हणजे हे बिंदू) फुकट जातात आणि पुढच्या पट्टीला सगळं काम पुन्हा. चार पट्ट्या म्हणजे जवळपास चौपट वेळ.

हिशेब असा. ३६००×५४०० म्हणजे १.९४ कोटी पिक्सेल. ओव्हरसँपल ३ म्हणजे नऊपट, १७.५ कोटी कप्पे. एका कप्प्याला १६ बाइट धरले तरी २.८ जीबी, आणि ३२ बिटी प्रोग्रॅमला विंडोज एरवी २ जीबीच देतं. रॅम ८ असो वा ३२, तो अडणारच. ओव्हरसँपल २ ला १.२४ जीबी, तेवढ्यावर बसेल. ६४ बिटी आवृत्ती मिळाली तर उत्तम.

दाण्यांचं कारण वेगळं: दर पिक्सेलमागे नमुने कमी पडतात. फ्लेमची रीत स्कॉट ड्रेव्ह्स यांची, १९९२ ची. तिच्यात उजेड हा नमुन्यांच्या संख्येच्या लॉगरिदमवर ठरतो. दोन-चार नमुने पडलेली जागाही त्यामुळे उजळते आणि दाणे अंधारातच दिसतात. क्वालिटी (दर पिक्सेलमागचे नमुने) निदान १००० ठेवा, विरळ धुरासारखं चित्र असेल तर २०००. नमुने चौपट केले की दाणे निम्मे होतात, म्हणून ५० वरून १०० करून काही जाणवत नाही. गॅमा (अंधारा भाग उजळवणारा आकडा) ४ च्या वर नेला असेल तर खाली आणा, अर्धे दाणे त्यानेच येतात. झूम शून्य ठेवा आणि आकार स्केलने जुळवा. झूम वाढवला की नमुनेही वाढतात, आणि वेळही.

१००० क्वालिटीला १९४४ कोटी नमुने लागतील. तुमचं मशीन सेकंदाला ५० लाख देत असेल तर ६५ मिनिटं. एक कोअर मोकळा सोडा. आणि मधेच लाईट गेली तर फ्लेम पहिल्यापासून, म्हणून इन्व्हर्टरवर लावा. मँडेलब्रॉटची दर शंभर ओळींना फाइल लिहा.

गणपतीपेठ (सांगली)

छपाईचं आधी ठरवा, रेंडर नंतर. डिजिटल प्रेसचा कागदच १२×१८ असतो आणि कडेला कोरी पट्टी सुटते. चित्र ११.५×१७.५ इंच, म्हणजे ३४५०×५२५० वर काढा. नाहीतर ऑपरेटर 'फिट टू पेज' करणार आणि तुमचे पिक्सेल पुन्हा ढवळले जाणार. जेपेग देऊ नका, टिफ द्या.

स्क्रीनवरचा झगझगीत निळा आणि जांभळा सीएमवायकेत (छपाईच्या चार शाईंत) येतच नाही, मळकट होतो. क्रिटा या चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये सॉफ्ट प्रूफ करून, म्हणजे छापल्यावर कसं दिसेल ते स्क्रीनवर, बघा. त्याहून खात्रीचं म्हणजे एकाच शीटवर चित्राचे ४×६ चे पाच-सहा तुकडे वेगवेगळ्या उजेडात लावून एक प्रिंट काढा. काळोख छापताना आणखी दाटतो, मॅट लॅमिनेशनखाली तो राखाडी होतो. फ्लेमला ग्लॉसी बरं. फ्लेक्सवाल्याकडे नेऊ नका, तो माल रस्त्यावरून बघायचा.

आयर्विनपूल (सांगली)

मिनजीडब्ल्यूने लाँग डबल केलं, रेघा गेल्या. आता रंगांत मंद पायऱ्या दिसतात. स्मूद कलरिंग (आवर्तनांच्या पायऱ्या पुसून सलग रंग) आहे, निसटण्याची त्रिज्या (झेड जिच्या बाहेर गेला की थांबायचं) २.

चारभिंती (सातारा)

त्रिज्या २ हाच दोष. स्मूद कलरिंगचं सूत्र झेड मोठा झाल्यावरच नीट लागू पडतं, कारण त्यात सी नगण्य धरलेला असतो. त्रिज्या २५६ करा, जास्तीत जास्त तीन-चार आवर्तनं वाढतील. तरी पायऱ्या राहिल्या तर फाइल ८ ऐवजी १६ बिटी लिहा आणि प्रेसला देताना शेवटी एकदाच ८ वर आणा, किंचित डिदर (पायऱ्या लपवणारे बारीक ठिपके) टाकून.