मनातली मूर्ती ओळखायची कशी, आणि ओळखल्यावर पुढे काय?

छावणीकर (इंदूर)
सर्वांना ख्रिस्तात सलाम. आमच्या मराठी घरगुती संगतीत (आठ-दहा जण, दर शुक्रवारी तासभर) बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा १४ वा अध्याय चालू आहे. "मनात मूर्ती" (म्हणजे मनात देवाची जागा घेतलेली गोष्ट) या तिसऱ्या वचनापर्यंत सगळे माना डोलावतात. मग पैसा, मोबाइल, मान अशी यादी निघते, प्रार्थना होते, चहा होतो. पुढच्या शुक्रवारी परत तीच यादी. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मुलांची, घराची काळजी ही जबाबदारी कुठवर, आणि मूर्ती कुठून? भंवरकुआँकडे क्लासला जाणाऱ्या मुलांची टेस्ट कधी कधी रविवारी उपासनेच्याच वेळी येते, त्यामुळे हा वाद हटकून होतो. आणि मूर्ती सापडलीच, तर नेमकं करायचं काय? "प्रभूला समर्पण करा" याच्या पुढचं सांगा.

पलासिया_७
तुमची यादी वस्तूंची आहे, म्हणून गाडी अडते. पैसा दोघांनाही प्यारा, पण एक जण रात्री पडल्या पडल्या एफडीची बेरीज करतो, कारण त्याला सुरक्षितता हवी. दुसरा हप्त्यावर मोठी गाडी घेतो, कारण त्याला लोकांच्या नजरा हव्यात. दोघांना "दान करा" सांगितलंत तर पहिल्याला ते खरंच झोंबेल. दुसरा आनंदाने देईल आणि संगमरवरी पाटीवर नाव कोरून घेईल. मूर्ती उपाशी मरायच्या ऐवजी जेवली! त्याला मत्तय ६:३ लागू: डाव्या हाताला कळू न देता द्यायचं. लूथरने १५२९ च्या मोठ्या प्रश्नोत्तरीत पहिल्या आज्ञेचा अर्थ असाच लावला आहे, की मन ज्यावर भिस्त टाकतं तोच आपला देव. म्हणून वस्तू विचारू नका, भिस्त विचारा.

शोधायला सात दिवस वही ठेवा, रोज तीन-चार ओळी. राग, धास्ती किंवा मनोराज्य कधी आलं. त्या क्षणी काय हातचं जाईल असं वाटलं. आणि "हे नसेल तर मी..." हे वाक्य मनात कसं पूर्ण झालं. तिसरा रकाना लोक गाळतात, आणि सगळं तिथेच असतं. जोडीला तीन महिन्यांचा यूपीआयचा हिशोब काढा. वहीत माणूस स्वतःला फसवतो, पासबुकात फसवता येत नाही.

टेस्टबद्दल: एक रविवार चुकला म्हणजे मूर्ती, असं मी म्हणणार नाही. मार्क आल्याच्या संध्याकाळी घर पाहा. रँक चांगली आली की पोळीवर तूप, घसरली की ताट आदळून ठेवलं जातं आणि कोणी बोलत नाही? मग त्या घरात रँक नैवेद्य मागते आहे. आणि पोरालाच बळी दिलं जातंय, हे आईबापांच्या लक्षात येत नाही.

सियागंजवाला
दुसऱ्या प्रश्नाला लूक १९ घ्या. श्रीमंत जकातदार जक्कय "लोभ सोडतो" म्हणत नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट, असं म्हणतो. आकडा आहे. स्वतः कबूल करून परत करणाऱ्याला नियमशास्त्रात मूळ रक्कम अधिक पाचवा हिस्सा होता (लेवीय ६:५). चौपट ही चोरलेल्या मेंढराची भरपाई (निर्गम २२:१). म्हणजे गड्याने स्वतःला चोराचा दंड लावून घेतला. पण क्रम बघा: येशू आधी घरी आला, जक्कयाने आनंदाने त्याचं स्वागत केलं, मग पैसा सुटला. मार्क १० मधल्या श्रीमंत माणसाला मात्र सगळं विकायला सांगितलं आणि तो खिन्न होऊन गेला. एकच औषध सगळ्यांना नाही, आणि नुसत्या हुकमाने मूठ उघडत नाही.

म्हणून संगतीत प्रत्येकाने एकच कृती ठरवावी: किती, कधीपासून, कोणाला सांगून. "मोबाइल कमी करीन" चालणार नाही. "रात्री साडेनऊला फोन हॉलमध्ये चार्जिंगला, बायकोला माहीत" हे चालेल.

छावणीकर (इंदूर)
हे पटलं. पण उपास धरून सोडलेलं दोन-तीन आठवड्यांत परत येतं, त्याचं काय?

नेमावर_रोड
कारण जागा रिकामी राहते. लूक ११:२४-२६ मधलं झाडून लोटून ठेवलेलं घर आठवा, निघून गेलेला अशुद्ध आत्मा आणखी सात जणांना घेऊन तिथे परत येतो. गिदोनाने (शास्ते ६) बापाची बआल दैवताची वेदी पाडली, त्याच रात्री परमेश्वराची वेदी बांधली आणि अशेरा देवीच्या मूर्तीचंच लाकूड होमाला जाळलं. पाडणं आज आणि बांधणं सवडीने, असं नाही. साडेनऊला फोन ठेवलात तर नऊ पस्तीसला काय, तेही लिहा: एक स्तोत्र मोठ्याने, घरच्यांबरोबर. आणखी एक, तो दहा गडी घेऊन गेला होता. घाबरत, रात्री, पण एकटा नाही.

नव्या मूर्तीवरही लक्ष ठेवा, ती बहुधा धार्मिक असते. पितळेचा साप देवानेच करवून घेतला (गणना २१), पुढे लोक त्याला धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडला (२ राजे १८:४). सेवाकार्य, गायनमंडळ, आपली संगतसुद्धा तशी होऊ शकते.

दोन सूचना. दुसऱ्याची मूर्ती कोणी दाखवायची नाही, विशेषतः नवऱ्याने बायकोची. शेजाऱ्यांच्या देव्हाऱ्याकडेही बोट नको. यहेज्केलसमोर बसलेले इस्राएलाचे वडीलजन (पुढारी) होते, म्हणजे आपलेच. आणि आठवडेच्या आठवडे झोप नाही, छातीत धडधड, कारणाशिवाय भीती, असं कोणी सांगितलं तर वही देऊ नका, डॉक्टरकडे न्या. आजाराला पाप म्हटलं की माणूस दोन्हीकडून मरतो.

पलासिया_७
सहमत. येत्या शुक्रवारी यादी नका काढू, कोऱ्या वह्याच वाटा. वाचून दाखवायची सक्ती नको. शेवटी दोघा-दोघांनी, बाई बाईबरोबर, पुरुष पुरुषाबरोबर, फक्त तिसऱ्या रकान्यातलं एक वाक्य सांगायचं. चहा त्यानंतर.