विषय: मंडळाची निळी कार सीट कुणाकडे आहे? (कोल्हापूर, २० डिसेंबर)

नमस्कार मंडळी,
घाईत लिहितेय, धाकटा मांडीवर आहे, एका हाताने टाइप चाललंय. लहान मुलांची ती निळी हलकी कार सीट, पाडव्याच्या पिकनिकला होती ती, सध्या कुणाकडे आहे? आमची घरची उचलून तीन एअरपोर्ट करायचे म्हणजे माझी पाठ कामातून जाईल, आणि ह्यांचे दोन्ही हात आधीच चिऊ आणि स्ट्रोलरने भरलेत. २० तारखेची भारताची फ्लाइट आहे, मुंबईला रात्री दीडला उतरून तिथूनच टॅक्सीने थेट कोल्हापूर. २७ ला दिराचं लग्न आहे त्यामुळे मुंबईत थांबायचा विषयच नाही. थोरल्या चिऊचं बूस्टर (मोठ्या मुलांची कार सीट) आमचं आहे, धाकट्यासाठी हवीये, तो १५ महिन्यांचा. प्लीज शनिवारपर्यंत सांगा, मी येऊन घेऊन जाईन.
– चिऊची आई

---

निळी सीट मंडळाच्या मालकीची आहे, ती स्टोरेजमध्येच असायला हवी. मी काल जाऊन बघितलं, मखराच्या मागे, ताटांच्या खोक्यांखाली, कुठेही नाही. वहीत "नेली" ची नोंद आहे, "परत" चा रकाना कोरा. कोणी नेली ते मी इथे लिहीत नाही, ज्यांनी नेली त्यांना माहीत आहे. मागे ढोलांचं काय झालं ते सगळ्यांना आठवत असेलच. किल्ली एकाच माणसाकडे असावी हे मी तेव्हाही म्हणत होतो.
– खजिनदार

---

> ज्यांनी नेली त्यांना माहीत आहे

माझ्या गॅरेजमध्ये आहे, लपवून ठेवलेली नाही. परत द्यायला आलो तेव्हा स्टोरेजला कुलूप आणि वही तुमच्या गाडीच्या डिकीत, सही काय दारावर करू?

असो. चिऊची आई, ती सीट मी तुम्हाला देणार नाहीये, राग मानू नका. आत्ता उलटी करून बघितली, खाली प्लास्टिकमध्ये उठवलेली एक्स्पायरीची तारीख उलटून गेलीये. कार सीटला साधारण ६ ते १० वर्षांचं आयुष्य असतं, नंतर प्लास्टिकचा भरवसा नाही. ती फेकूनच द्यायची आहे, फक्त आधी बेल्ट कापून टाका नाहीतर कोणीतरी उचलून वापरेल.

तुमची घरची सीटच न्या. बहुतेक एअरलाइन मुलाची कार सीट वेगळे पैसे न घेता चेक-इन करतात, सामानात धरत नाहीत. काउंटरवर सांगायचं, जाडजूड पिशवीत घालायची, आणि त्या पिशवीत डायपर कोंबायचे, कोणी उघडून बघत नाही.
– ओमचे बाबा

---

फेकून द्यायची की नाही हे कमिटी ठरवेल.
– खजिनदार

---

वहिनी, कशाला एवढं ओझं वागवताय? आमच्यात पोराला आईच्या मांडीवर घेत्यात आणि जात्यात, इतकी वर्षं तेच चाललंय. आणि सीट नेली तरी बांधणार कशाला? कोल्हापूरच्या टॅक्सीत मागचा बेल्ट कव्हराच्या खाली गाडलेला असतोय, ड्रायव्हरला विचारलं तर म्हणंल "मॅडम, तसलं काय लागत न्हाई, आपली गाडी एकदम स्मूथ." त्यापेक्षा मुंबईहून रात्रीची महालक्ष्मी पकडा, झोपून जावा, सकाळी शाहू टर्मिनसला उतरला की पायरीवर आम्ची माणसं उभी. पोरं पण खूष.
– शिवाजी पेठ (सध्या बर्फात)

---

महालक्ष्मी रात्री सुटते हो, त्या रात्री दीडला उतरणार. म्हणजे अख्खा दिवस दोन पोरं घेऊन मुंबईत काढायचा, मग ट्रेन? शिवाय ५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही पण तिकीट नाही म्हणजे बर्थ पण नाही, चिऊ आणि धाकटा दोघे आईच्या बर्थवर आणि आई कुठे? चिऊचं पूर्ण तिकीट काढा, मागून पस्तावाल. पुण्यापर्यंत टॅक्सी आणि पुढे वंदे भारत बघा, दुपारची आहे, फक्त आठवड्यातून तीनच दिवस सुटते त्यामुळे वार आधी बघायला हवा.
– साताऱ्याची मावशी

---

वंदे भारत साताऱ्याला थांबते म्हणून मावशी रिकमेंड करतायत 😀
– शिवाजी पेठ

---

> आमच्यात पोराला आईच्या मांडीवर घेत्यात

हे वाचून गप्प बसवत नाही. भारतातही १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट लावली नाही तर १००० रुपये दंड आहे, मोटार वाहन कायद्याचं कलम १९४ ब, २०१९ च्या दुरुस्तीत आलेलं. कोणी पकडत नाही हा मुद्दाच वेगळा. वाटेत खंबाटकीचा घाट, आणि साताऱ्याच्या पुढे कागलपर्यंत सहापदरीचं काम चालू, कुठे डायव्हर्शन येईल सांगता येत नाही, रात्री ट्रकच्या मागच्या दिव्यांवर गाडी चालवायची. १५ महिन्यांचं मूल मांडीवर म्हणजे ब्रेक लागला की हातातून सुटणार, आई कितीही घट्ट धरो.

आता खरी गंमत. इथल्या गाडीत बेल्ट पूर्ण बाहेर ओढला की तो परत जाताना लॉक होत जातो, म्हणून इथली कार सीट घट्ट बसते. तिकडच्या टॅक्सीतला बेल्ट बहुतेक वेळा तसा लॉक होत नाही, फक्त झटका बसला की पकडतो. म्हणजे तुम्ही सीट बांधली, छान दिसली, आणि पहिल्या वळणावर ती कलंडली. त्यासाठी एच आकाराची लोखंडी लॉकिंग क्लिप मिळते, अगदी स्वस्त असते, कधीकधी सीटच्या मागच्या खाचेत कंपनीने अडकवून दिलेलीच असते आणि आपण कधी बघत नाही. ती बकलच्या अगदी जवळ, दोन्ही पट्टे एकत्र धरून लावायची. आधी इथे आपल्या गाडीत दोनदा सराव करा, रात्री दीडला मुंबई एअरपोर्टच्या पार्किंगमध्ये शिकायची गोष्ट नाही ती. आणि सीट उलटीच लावा, म्हणजे बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला, २ वर्षं होईपर्यंत तरी.
– ओमचे बाबा

---

क्लिप सापडली!! खरंच मागे अडकवलेली होती, मला वाटायचं फॅक्टरीतून चुकून राहिलेला तुकडा आहे. थँक्यू.

पण उलट्या सीटचा आमच्याकडे वेगळाच प्रश्न आहे. सासरे एअरपोर्टला घ्यायला येणार, ते पुढेच बसणार आणि त्यांना सीट मागे पाडून झोपायची सवय. उलटी कार सीट मागे लावली की पुढची सीट मागे जात नाही. ह्यांनी फोनवर सांगितलं तर म्हणाले "पोराला उलटं कशाला बसवता, त्याला रस्ता नको का बघायला?" मग सासूबाईंनी फोन घेतला, "उलटं बसलं की गाडी लागते." मग आत्याबाई. आता निम्मं कोल्हापूर ह्या सीटवर मत देतंय. कोणी ड्रायव्हरच्या मागे उलटी लावलीये का? ड्रायव्हर तरी काही बोलत नाही ना?
– चिऊची आई

---

ड्रायव्हरच्या मागेच लावा, सासऱ्यांना झोपू दे, नाहीतर लग्न होईपर्यंत ऐकावं लागेल.
– साताऱ्याची मावशी

---

गाडी लागते ती पन्हाळ्याच्या वळणांना, हायवेला नाही. आमची तिघंही तीन दरवाज्याच्या आधीच ओकली, पुढे सज्जाकोठी अंधारबाव काही बघायला मिळालं नाही, अंबरखान्याच्या सावलीत बसून कपडे बदलले. आता पन्हाळा युनेस्कोच्या यादीत गेलाय, २०२५ मध्ये, त्यामुळे सुट्टीत गर्दी असेलच. लहान पोरं असतील तर त्यापेक्षा कणेरी मठ करा, ते गावगाड्याचे पुतळे बघून मुलं तासभर गप्प असतात.

आणि एक, जेटलॅगचं घाबरू नका. साडेअकरा तासांचा फरक, पोरं पहाटे तीनला टक्क जागी होणार. झोपवायच्या नादाला लागू नका. आंघोळ घाला आणि काकड आरतीला अंबाबाईला घेऊन जा. दिवसा ज्या रांगेत पोर कडेवर घेऊन ताटकळायचं ती पहाटे जवळजवळ नसतेच. तिथून गंगावेशीला दूध कट्ट्यावर, म्हैस समोर पिळतात, फेसासकट ग्लास.
– तिळ्यांची आई

---

तिळ्यांची आई, बाकी सगळं मान्य पण १५ महिन्यांच्या बाळाला धारोष्ण दूध देऊ नका हां. घरी नेऊन उकळा, साय काढा, मग द्या. ग्लास मोठ्यांनी प्यावा.
– साताऱ्याची मावशी

---

आम्ही काय मेलो का मग, लहानपणी तेच प्यायलो
– शिवाजी पेठ

---

सर्वांना विनंती, दुधाचा वेगळा धागा करावा. निळ्या सीटचा निर्णय रविवारी. ओमच्या बाबांनी येताना सीट आणावी, मी वही आणतो.
– खजिनदार

---

वहिनी, टॅक्सीचं मी बघतो. माझा भाचा उजळाईवाडीला एअरपोर्टवर गाडी लावतोय, मुंबईला पण जातोय, त्यालाच पाठवतो तुमाला आणायला. पण बेल्टचं फोनवर "हाय हाय" म्हणतील सगळे, त्याच्यावर जाऊ नका, म्हणून मी त्याला मघाशीच फोटो मागितला. कव्हर फाडून बेल्ट बाहेर काढलाय पठ्ठ्यानं. डाव्या अंगाचा बेल्ट बकलासकट एकदम नवा. पण ड्रायव्हरच्या मागं, जिथं तुम्ही लावणार, तिथं पट्टा हाय आणि बकलच न्हाई, त्याची जागा चिवड्यानं भरलीया. उद्या गॅरेजला नेऊन बसवून घेतो म्हणालाय, बसवल्यावर परत फोटो टाकतो. सासऱ्यांचं मात्र तुमचं तुम्ही बघा.
– शिवाजी पेठ